मांजराच्या मोठ्या आतड्याची सूज कशी ओळखावी आणि त्यावर काय करावे

ठाणे-नवी मुंबईच्या सदनिकांत वाढणारी मांजरे शी-लघवीसाठी बहुधा वाळू भरलेला लिटर ट्रे वापरतात, त्यामुळे मोठ्या आतड्याला सूज आली, म्हणजेच कोलायटिस झाला, की त्याची पहिली खूण त्या ट्रेमध्येच सापडते.

मांजर वारंवार ट्रेमध्ये जाऊन कुंथत असेल, तर ते शीसाठी कुंथते की लघवीसाठी, हे सर्वांत आधी पाहावे. अनेक पालक येथेच फसतात आणि बद्धकोष्ठ समजून वाट पाहतात. वाळूत ओले गोळे दिसत नसतील, विशेषतः बोका असेल, तर लघवी अडकल्याची शक्यता असते. ते जिवावर बेतणारे असल्याने मध्यरात्र असली तरी दवाखाना गाठावा.

लघवी नीट होत असेल, तर शी न्याहाळावी. कोलायटिसमध्ये मांजर थोडी थोडी शी अनेकदा करते, तिच्यात आव आणि कधी ताजे लाल रक्त दिसते, घाईमुळे ती ट्रेबाहेरही होते. एवढे असूनही मांजर बऱ्याचदा खाते-खेळते. याउलट शी पातळ आणि भरपूर असेल, डांबरासारखी काळी असेल, वजनही उतरत असेल, तर दोष बहुधा लहान आतड्यात असतो. सुस्ती, सततच्या उलट्या किंवा खाणे बंद झाल्यास थांबू नये.

त्यानंतर गेल्या दोन आठवड्यांत काय बदलले, ते लिहून काढावे: नवे खाद्य, बशीभर दूध, कोणीतरी प्रेमाने घातलेले बोंबील, घरात आलेले दुसरे मांजर, दिवाळीचे फटाके. ताणानेही आतडे बिघडते.

डॉक्टरांकडे जाताना शीचा ताजा नमुना स्वच्छ डबीत न्यावा. तो फ्रिजमध्ये ठेवावा की नाही, हे आधी विचारून घ्यावे, कारण अनेक मांजरांच्या सहवासात वाढलेल्या पिल्लांत आढळणारा ट्रायट्रायकोमोनस हा परजीवी थंडीत मरतो आणि मग तपासणीत सापडत नाही. जंतांच्या नेहमीच्या गोळीने तो जातही नाही.

उपचार कारणानुसार ठरतात, तरी आहार त्यात बराच वाटा उचलतो. डॉक्टरांनी ठराविक खाद्य सांगितले, तर किमान दोन आठवडे फक्त तेच द्यावे, आणि हे आजी-आजोबांसह घरातील सर्वांना पटवावे लागते. एक चोरटा घास साऱ्या प्रयोगावर पाणी फिरवतो. इसबगोल उपयोगी पडू शकते, मात्र प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. पोटाला आराम म्हणून मांजराला उपाशी ठेवू नये, कारण उपासाने यकृतात चरबी साचते. माणसांची औषधे तर देऊच नयेत. पॅरासिटामॉल मांजरासाठी विषच आहे.

तीन आठवड्यांनंतरही त्रास टिकला किंवा पुन्हा पुन्हा उलटला, तर सोनोग्राफी आणि प्रसंगी दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे.