द्राक्ष निर्यात: खुड्याचा दिवस गेट कटऑफवरून ठरवा

फेब्रुवारी-मार्चमध्ये निफाड, दिंडोरीकडचा निर्यातीचा माल एकदम तयार होतो आणि सगळ्यांची न्हावाशेव्याची धावपळ सुरू होते. बागायतदार विचारतात, "जहाज कधी सुटणार?" खरं विचारायचं ते, गेट कटऑफ, म्हणजे बंदरात कंटेनर आत घ्यायची शेवटची वेळ, कधी आहे? जहाज रविवारी असलं तरी गेट शुक्रवारी संध्याकाळीच बंद होऊ शकतं. त्यानंतर पोचलेला कंटेनर पुढच्या जहाजाची वाट बघत पडतो.

म्हणून उलटं मोजा. समजा, शुक्रवारी सहाचा कटऑफ आहे. नाशिकहून बंदर दोनशे किलोमीटरच्या आसपास, पण कसारा घाट, भिवंडीची कोंडी आणि बंदराबाहेरची रांग धरली तर कंटेनर गुरुवारी रात्रीच पॅकहाऊसमधून निघालेला बरा. चाळीस फुटी रीफरमध्ये, म्हणजे शीत कंटेनरमध्ये, साधारण 13 टन माल बसतो. तेवढा खुडून, पॅक करून थंड करायचा तर मंगळवारी पहाटेच बागेत उतरावं लागतं.

वेळ कमी पडला की पहिली काटछाट होते ती प्रीकूलिंगमध्ये, म्हणजे भरण्याआधी माल थंड करण्यात, आणि मला सगळ्यात जास्त धास्ती त्याचीच वाटते. रीफर गरम माल थंड करत नाही, थंड माल थंड ठेवतो. सहा-आठ तास लागतात तर तेवढे द्यायचेच. वरच्या पेटीला हात लावून ठरवू नका. थप्पीच्या मधली पेटी काढा आणि मण्यात थर्मामीटर खुपसा. आम्ही एकदा घाईत भरलं. कटऑफ गाठला, पण तिकडे पेट्या उघडल्या तेव्हा देठ तपकिरी पडले होते. लाल समुद्र टाळून केप ऑफ गुड होपला वळसा घालणाऱ्या जहाजाला दहा-पंधरा दिवस जास्त लागतात, तिथे असा माल टिकत नाही.

कागदांचेही कटऑफ असतात. फायटो (माल रोग-कीडमुक्त असल्याचा दाखला), शिपिंग बिल (कस्टमचा निर्यात कागद) आणि 2016 पासून सक्तीचं झालेलं व्हीजीएम (भरलेल्या कंटेनरचं तपासलेलं वजन) निर्यातदार बघतो. आपल्याकडचं काम म्हणजे ग्रेपनेटची, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणाऱ्या ऑनलाइन प्रणालीतली, प्लॉट नोंदणी आणि कीडनाशकांच्या उर्वरित अंशाचा अहवाल. तो हातात आल्याशिवाय कात्री लावू नका.

शिमग्याला पेठ-सुरगाण्याचे मजूर घरी जातात, ड्रायव्हरही मिळत नाहीत. त्या आठवड्याचं बुकिंग असेल तर मजुरांच्या मुकादमाशी आत्ताच बोला आणि खुडा दोन दिवस अलीकडे घेऊन माल शीतगृहात ठेवा. कंटेनर लागला की जेनसेटचं (रीफरला वीज देणाऱ्या जनरेटरचं) डिझेल स्वतः बघा.