दोन बीएचके, एक एअरबस आणि घरची माणसं: फ्लाइट सिमचा नाद घरात कसा निभवायचा

आधी एक सांगतो, फ्लाइट सिम म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायचा खेळ, आणि घरच्यांना त्या विमानाचा राग नसतो. राग असतो तो "आलोच पाच मिनिटांत" चा. हे मला समजायला तीन वर्षं आणि अर्धा लिटर दूध लागलं.

झालं असं की मी सिममध्ये मुंबईला रनवे २७ वर उतरत होतो, आयएलएस (रनवेकडं नेणारा रेडिओ सिग्नल) पकडलेला, दीड हजार फूट, गिअर खाली, फ्लॅप्स फुल, आणि बायको आंघोळीला जाताना म्हणाली की गॅसवर दूध ठेवलंय, बघ रे. मी "हो" म्हणलो. ते हो माझ्या तोंडातून गेलं एवढंच, मला काही ऐकू आलेलं नव्हतं. लँडिंग लोण्यासारखं झालं, आणि करपलेला वास आला तेव्हा मी टॅक्सीवेवर डावीकडे वळत होतो. दूध ओट्यावर, बर्नरमध्ये, खाली ट्रॉलीच्या फटीत. बायको बाहेर येऊन एवढंच म्हणाली, "तुझ्या विमानात शंभर अलार्म आहेत, दूध उतू चाललंय याचा एक नाही का?"

तर त्यानंतर घरात जे काही ठरलं ते लिहितोय, कुणाच्या उपयोगी पडलं तर बघा.

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं, विमानावरून वेळ ठरवू नका, वेळेवरून विमान ठरवा. आपण काय करतो, आज मुंबई-गोवा मारू, तासाभराचं तर आहे म्हणून बसतो. हवेत तासभर असतं हो, पण सिम लोड होणार, मग सिमब्रीफ या साइटवर फ्लाइटचा प्लॅन काढणार, मग कोल्ड अँड डार्क म्हणजे सगळं बंद असलेल्या विमानापासून एकेक बटण चालू करत, एमसीडीयू (विमानाचा रूट भरायचा कीपॅड) भरत पुशबॅकपर्यंत, म्हणजे विमान गेटवरून मागं ढकलेपर्यंत, अर्धा तास, टॅक्सी, उतरल्यावर परत गेटपर्यंत जाणं, आणि मधेच कुठलंतरी अपडेट. खुर्चीत बसल्यापासून उठेपर्यंत सव्वादोन तास, मी दोन-तीनदा घड्याळ लावून मोजलंय. घरी मात्र आपण एक तास सांगितलेला असतो. भांडण तिथंच असतं, त्या सव्वा तासात.

म्हणून आता माझा हिशोब असा की पाऊण तास असेल तर सेसना १७२, लोहगावहून उडायचं, खडकवासला, सिंहगडाला एक चक्कर आणि परत, इंजिन चालू करून थेट रनवेवरूनच सुरू करायचं, त्यात कसलाही कमीपणा नाही. दोन-अडीच तास असतील तरच एअरबस. दिल्ली वगैरे फक्त रविवारी पहाटे, घर झोपलेलं असताना. आणि वेळ सांगताना अर्धा तास वाढवून सांगायचा, नऊला उठतो म्हणायचं आणि साडेआठला उठून भाजी निवडायला बसायचं. हे दोनदा केलं की तिसऱ्या वेळी घरचे वेळ विचारतच नाहीत.

दुसरं, पॉझ. ऑनलाइन नसाल तर विमान थांबवता येतं हे घरच्यांना माहीत असतं (पोरांनी सांगितलेलं असतं), त्यामुळं "आत्ता नाही थांबवता येत" ही थाप मारू नका. फक्त मायक्रोसॉफ्टवाल्या सिममध्ये अ‍ॅक्टिव्ह पॉझ वेगळा आणि पूर्ण पॉझ वेगळा, हे नवीन लोकांच्या लक्षात येत नाही. अ‍ॅक्टिव्ह पॉझमध्ये विमान जागेवर थिजतं पण बाकी सिस्टिम चालूच राहतात, तुम्ही बेल वाजली म्हणून उठता, कुरियर घेता, शेजारच्या काकांशी बोलता आणि परत येऊन पॉझ काढला की विमान भलतंच काहीतरी करतं. पूर्ण पॉझ जॉयस्टिकच्या एका बटणावर लावून ठेवा. पीएमडीजी कंपनीचं सिमसाठीचं बोइंग ७३७ घेतलं असेल तर त्यात खाली उतरायला सुरुवात करायच्या जागी आपोआप पॉझ व्हायची सोय आहे, जेवायला बसलात आणि गप्पा लांबल्या तरी विमान वर थांबून राहतं.

तिसरा आमचा घरचा नियम, दहा हजार फुटांचा. खऱ्या कॉकपिटमध्ये दहा हजार फुटांच्या खाली कामाशिवाय बोलायचं नाही असा नियम आहे, अमेरिकेत १९८१ पासून, स्टराइल कॉकपिट म्हणतात. मी तो घरी समजावून सांगितला पण उलट्या बाजूनं, म्हणजे टेकऑफची दहा आणि लँडिंगची पंधरा मिनिटं मला द्या, त्याच्या वर मी तुमचाच, हाक मारली की हेडफोन खाली. मुलगा नऊ वर्षांचा आहे, तो आता मागून येऊन आधी अल्टिट्यूड वाचतो आणि मग गणितातली शंका विचारतो. मात्र या नियमात दूध, कुकर, दाराची बेल आणि आईचा फोन बसत नाहीत, हे बायकोनं त्याच दिवशी जोडून घेतलं.

चौथं, जागा आणि आवाज. आमच्याकडं वेगळी खोली नाही, हॉलच्या कोपऱ्यात टेबल. टेबलाला क्लँपनं लावायचं योक (विमान वळवायचं हँडल) वगैरे घ्यायचा मोह आवरा, साधी जॉयस्टिक कपाटात जाते आणि पाहुणे आले की टेबल टेबल दिसतं. रात्री थ्रॉटलचा (इंजिनाचा जोर कमी-जास्त करायच्या दांड्याचा) खटखट आवाज भिंतीपलीकडं जातो, त्याच्याखाली जुना माऊसपॅड ठेवा. हेडफोन एकाच कानाला.

इंटरनेटचं आधी बोलून घ्या. मायक्रोसॉफ्टचा २०२४ चा सिम बरीचशी सीनरी-विमानं नेटवरून ओढतो, कंपनी स्वतःच ५० एमबीपीएस लाईन असावी म्हणते, आणि बायकोचा ऑफिसचा कॉल त्याच वायफायवर असतो. कॉल अडकला की दोष विमानाला, आणि बऱ्याचदा तो खराच असतो. मोठी अपडेट्स रात्री लावून झोपा, कॉलच्या वेळी फोटोग्रामेट्री (खऱ्या फोटोंवरून बनवलेली शहरं) बंद करा.

व्हॅटसिमवर, म्हणजे सिमवाल्यांच्या ऑनलाइन नेटवर्कवर, उडत असाल तर गोष्ट जरा वेगळी. तिथं समोर खरी माणसं फुकटात कंट्रोलर म्हणून बसलेली असतात, पॉझ मनाला येईल तेव्हा करता येत नाही, आणि अर्धा तास स्क्रीनसमोर नसलात तर काढून टाकू शकतात. त्यामुळं घरात गडबड असेल त्या दिवशी तिकडं जाऊच नका, आणि मधेच उठायला लागलं तर कंट्रोलरला सांगून सरळ डिसकनेक्ट करा, कुणी नावं ठेवत नाही. रात्री अकराला "मुंबई टॉवर" म्हणून मोठ्यानं बोलून लेकराला उठवण्यापेक्षा टेक्स्टवर बोलायची मुभा आहे, ती वापरा.

पैशाचं थोडक्यात. लपवून घेऊ नका, बँकेचा मेसेज दोघांच्या फोनवर येतो. फ्लायबायवायर या ग्रुपनं सिमसाठी बनवलेलं एअरबस ए३२० फुकट आहे आणि वर्षभर पुरतं.

आणि घरच्यांना जबरदस्तीनं बसवू नका. मी बायकोला एकदा अ‍ॅप्रोच (लँडिंगच्या आधीचा टप्पा) दाखवायला बसवलं, ती चौथ्या मिनिटाला मोबाईल बघत होती, बरोबरच आहे. आईचं मात्र जमलं. आईचं माहेर देवबाग, मालवणजवळ. मॅपवर क्लिक करून थेट हवेतूनच सुरू केलं, कर्लीच्या मुखावरून तारकर्लीचा किनारा धरून सिंधुदुर्ग किल्ल्यापर्यंत, सेसनात, हजार फुटांवर. किल्ला चपटा, पाण्यावर चिकटवल्यासारखा. आई चष्मा लावून नदी आणि समुद्राच्या मधली ती पट्टी बघत राहिली, मग म्हणाली, "खाडी बरोबर आहे, पण आमच्या घरावर मजला कुणी चढवला?" सिम घरं मनानं बांधतो हे तिला पटलं नाही, तिचा संशय मामावर आहे.

राहता राहिलं मोठं फ्लाइट. क्रॉस द पाँड म्हणून व्हॅटसिमचा इव्हेंट वर्षातून दोनदा असतो, अटलांटिकच्या पलीकडं, सात-आठ तास आरामात जातात. असलं काही करायचं असेल तर महिनाभर आधी फ्रीजवरच्या कॅलेंडरवर लिहा, वर्षातून एकच मागा, आणि बदल्यात काय ते आधी विचारा. या वेळी बायकोनं मैत्रिणींबरोबर दोन दिवस महाबळेश्वर मागितलंय, डबे, शाळेची बस, आईची औषधं सगळं माझ्याकडं. मी हो म्हणलोय. या वेळी हेडफोन काढून.