रोझफिंचची उपजात ओळखायची तर आधी पोट बघा

पऱ्हाटीच्या धुऱ्यावर किंवा नाल्याकाठच्या घाणेरीत कॉमन रोझफिंच या हिवाळी पाहुण्या पक्ष्याचा थवा दिसला, की एक धूसर फोटो ग्रुपवर टाकायचा आणि विचारायचं, "सबस्पीसीज (म्हणजे उपजात, एकाच जातीतला प्रादेशिक प्रकार) कोणती?" ही सवय आधी सोडा. तेवढ्यावर छातीठोक उत्तर देणारा तर त्याहून धोक्याचा.

पक्षी रोझफिंचच आहे ना, हे पक्कं करा. चिमणीएवढा, चोच जाड आणि आखूड, शेपटीच्या टोकाला खाच. मादी मातकट, छातीवर रेघा, पंखावर दोन फिकट पट्टे. कोऱ्या चेहऱ्यावर काळाभोर डोळा उठून दिसतो. चिमणीच्या मादीला फिकट भुवई असते, छातीवर रेघा नसतात.

मातकट पक्ष्यांची उपजात वावरात उभं राहून ठरत नाही. त्यांत पहिल्या वर्षाचे नरही असतात, तेही मादीसारखेच दिसतात. नोंदीत नुसतं 'रोझफिंच' लिहा.

आता लाल नर. खरी गोम इथे आहे. या पक्ष्याच्या पाच उपजाती मानतात. त्यातली 'एरिथ्रिनस' पूर्व युरोपापासून सायबेरियापर्यंत वीण करते, 'रोझियाटस' हिमालयापासून मध्य चीनपर्यंत. एरिथ्रिनसच्या नराचा लाल रंग डोकं, छाती आणि कंबरेवर, पोट पांढुरकं. रोझियाटसचा लाल जास्त गडद, तो पोटावर आणि कुशींवर उतरतो, पाठीवरही चढतो. म्हणून छातीकडे बघत बसू नका, छाती दोघांचीही लाल. पायांच्या मधली पिसं दिसेपर्यंत दुर्बीण खाली आणायची नाही.

तरी फसगत होते, कारण रंग महिन्यागणिक बदलतो. नव्या पिसांच्या टोकांना फिकट किनार असते, तिच्याखाली लाल झाकलेला राहतो. किनार झिजत जाते आणि पळस फुलेपर्यंत तोच नर भडक दिसू लागतो. डिसेंबरचा फिका नर आणि मार्चचा लालबुंद नर शेजारी ठेवून 'दोन उपजाती सापडल्या' म्हणणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार. तुलना करायची तर एकाच थव्यातल्या, एकाच दिवशी पाहिलेल्या नरांची करा. तीही सकाळच्या स्वच्छ उजेडात. कलत्या उन्हात मातीचं ढेकूळही गुलाबी दिसतं. फोटोचं सॅच्युरेशन वाढवणाऱ्यांशी तर मी वादच घालत नाही.

शिवाय 'फर्गानेन्सिस' नावाची मध्य आशियातली फिकट उपजात आहे, आणि जिथे हद्दी भिडतात तिथे मधल्या छटांचे पक्षीही असतात. सगळ्यांना खणात बसवायचा अट्टहास नको. जाळं लावून पक्षी हातात घ्यायचा विचार तर अजिबात नको. परवानगीशिवाय पक्षी पकडणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

नोंद अशी लिहा: तारीख, उजेड, पोट कुठवर लाल, पाठ तपकिरी की लालसर. पोट आणि पाठ दोन्ही जुळली तर 'रोझियाटससारखा नर'. यातला 'सारखा' खोडायचा नाही.