दुडुदुडु चालणाऱ्या मुलासाठी जुन्या वळणाचे कपडे आणि बूट कसे निवडावेत

दीड-दोन वर्षांच्या मुलासाठी नीटनेटका पोशाख शोधायला निघालेल्या पालकांसमोर बहुधा दोनच प्रकार येतात. एक, छातीवर मोठाली चित्रे आणि वाक्ये छापलेले कपडे. आणि दुसरा, मोठ्या माणसाचा सूट आटवून शिवल्यासारखा कोट, टाय आणि घट्ट जीन्स. पहिला प्रकार रोजच्या वापराला पुरेसा आहे. दुसऱ्यात मात्र मूल पाच मिनिटांत कंटाळते, आणि त्यात त्याचा दोष नसतो. या दोहोंच्या मधली, जुन्या वळणाची बालवस्त्रे आजही मिळतात. ती कोणत्या खुणांवरून ओळखायची आणि कोणत्या क्रमाने शोधायची, एवढे ठाऊक असले की काम सोपे होते.

आधी ‘पारंपरिक’ या शब्दाचा अर्थ ठरवून घ्या

पारंपरिक कपडे म्हणजे पूर्वीच्या मोठ्या माणसांसारखे कपडे, असा समज असेल तर शोध पहिल्याच पावलाला चुकतो. लहान मुलांच्या कपड्यांची परंपरा वेगळी आहे, आणि ती बरीचशी सोयीतून घडलेली आहे. युरोप-अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत लहान मुलग्यांनाही झगेच घालत असत, कारण लंगोट बदलणे सोपे जाई आणि घेराच्या चुण्या उसवल्या की तोच झगा पुढच्या वर्षी चाले. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे १८८४ सालचे, वयाच्या अडीचाव्या वर्षीचे छायाचित्र पांढऱ्या झग्यातलेच आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मुलग्यांसाठी आखूड कोटाला बटणांनी जोडलेली विजार आली. खास मुलांसाठी म्हणून बेतलेल्या सुरुवातीच्या पोशाखांत तिची गणना होते. १८४६ मध्ये विंटरहाल्टर या चित्रकाराने राणी व्हिक्टोरियाच्या थोरल्या, चार वर्षांच्या मुलाचे खलाशाच्या पोशाखातले चित्र रंगवले, आणि पुढच्या काही दशकांत तो सैल, रुंद कॉलरचा पोशाख घरोघरच्या मुलांच्या अंगावर दिसू लागला.

हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच, की गोल कॉलर, कमरेशी बटणांनी जोडलेली चड्डी, रॉम्पर (सदरा आणि चड्डी एकत्र शिवलेला कपडा), डंगरी (छातीपर्यंत येणारी, खांद्याच्या पट्ट्यांची विजार), खांद्यावरचे पट्टे यांपैकी बहुतेक गोष्टी शोभेबरोबरच बाळाच्या शरीराची अडचण सोडवतात. म्हणून कपडा जुना ‘दिसतो’ का, हे पाहण्यापेक्षा तो कोणाच्या शरीरासाठी बेतलेला आहे, हे पाहावे.

मापे घ्या आणि वय विसरा

लेबलवरचे वय हा निव्वळ अंदाज असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणकांनुसार २ वर्षांच्या मुलाची मध्यम उंची सुमारे ८७ सेंटिमीटर आणि ३ वर्षांच्या मुलाची सुमारे ९६ सेंटिमीटर असते. पण त्याच वयाची दोन निरोगी मुले एकमेकांपेक्षा आठ-दहा सेंटिमीटरने उंच-बुटकी सहज असू शकतात. युरोपीय पद्धतीत कपड्याचा नंबर थेट सेंटिमीटरमधल्या उंचीवरून ठरतो आणि ८०, ८६, ९२, ९८, १०४ असा सहा-सहाने वाढतो. त्यामुळे मुलगा ८८ सेंटिमीटर उंच असेल तर ९२ नंबर पाहावा, त्याचा दुसरा वाढदिवस होऊन गेलेला असो वा नसो. अमेरिकी लेबलांवर २टी, ३टी असे लिहिलेले असते. त्यातला ‘टी’ दुडुदुडु चालण्याच्या वयाचा निर्देश करतो, आणि त्या मापांत साधारणपणे डायपरसाठी बैठकीत जागा सोडलेली असते.

उंचीशिवाय छाती, पोटाचा सर्वांत फुगीर भाग आणि डोक्याचा घेर ही मापे टेपने घेऊन टिपून ठेवावीत. खांद्यापासून दोन पायांमधून पुन्हा त्याच खांद्यापर्यंतचा घेरही घ्यावा, कारण रॉम्पर किंवा डंगरी लांबीला आखूड पडली तर ती आधी आसनात रुतते. मुलगा डायपर वापरत असेल तर हे माप डायपरसकट घ्यावे. मूल उभे राहत नसेल, आणि बहुधा राहणार नाहीच, तर त्याला नेमका बसणारा एखादा जुना कपडा जमिनीवर पसरून तोच मोजावा.

बेतणी ओळखा

या टप्प्यावर घाई करू नये, कारण निवडीचा खरा निकाल येथेच लागतो.

दोन वर्षांच्या मुलाला कंबर नसते. पोट पुढे आलेले असते, छाती आणि कंबर यांच्या घेरांत फारसा फरक नसतो आणि नितंब लहान असतात. त्यामुळे पट्ट्याची किंवा हुकाची विजार एक तर घसरते, नाहीतर पोटावर करकचते. जुन्या शिंप्यांनी यावर तीन उपाय काढले: कपडा खांद्यावरून तोलायचा, चड्डी सदऱ्याला बटणांनी जोडायची, किंवा वरचा व खालचा भाग एकाच कापडात शिवायचा. यांपैकी एखादा उपाय ज्या पोशाखात आहे तो चांगल्या वळणाचा समजायला हरकत नाही. नुसती चड्डी घ्यायची असेल तर पुढून सपाट आणि मागच्या बाजूला रुंद, मऊ इलास्टिक असलेली घ्यावी. तिच्यावर खोटी चेन किंवा शोभेचा पट्टा असेल तर तो कपडा मोठ्यांच्या नकलेकडे झुकलेला आहे, असे समजावे.

दुसरी गोष्ट डोक्याची. या वयात मुलग्याच्या डोक्याचा घेर सुमारे ४८ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ छातीएवढाच असतो. ज्याचा गळा ताणला जात नाही असा सदरा कितीही सुंदर असला तरी तो डोक्यातून उतरवताना रोज रडारड होते. गळा पाठीमागे किंवा खांद्यावर उघडणारा असावा, अथवा पुढची बटणपट्टी छातीखालपर्यंत गेलेली असावी. गोल, पसरट कॉलर येथे उपयोगी पडते, कारण या वयात मान आखूड असते आणि उभी, कडक कॉलर हनुवटीला घासते. माझ्या मते टाय आणि बो या दोन्ही गोष्टींना या वयात रजा द्यावी.

तिसरी गोष्ट आसनाची. मूल दिवसातून असंख्य वेळा उकिडवे बसते, उठते, रांगते. आसनाखाली टिचबटणांची पट्टी असेल तर डायपर बदलायला सोपे जाते. मूल शौचाला सांगू लागले असेल तर मात्र हीच पट्टी अडचण ठरते, आणि त्याचे त्याला खाली ओढता येईल अशी इलास्टिकची चड्डी बरी पडते. गुडघ्याच्या किंचित वर थांबणारी चड्डी हे या वयाचे फार जुने माप आहे. ती रांगताना गुडघ्यात अडकत नाही आणि काही महिन्यांनी उंची वाढली तरी आखूड झाल्यासारखी वाटत नाही. लांब विजारीला हा फायदा नाही. म्हणून ती घेतल्यास खालची दुमड निदान तीन-चार सेंटिमीटरची आहे ना, हे पाहावे. दोन ते तीन या एका वर्षात उंची सुमारे ९ सेंटिमीटरने वाढते, म्हणजे एका नंबराहून जास्तच. दुमड उसवता आली तर तेवढाच कपडा आणखी काही महिने चालतो.

रंगाबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. पांढरा, फिकट निळा, गडद निळा, मातकट, बारीक रेघा आणि बारीक चौकडी हे एकमेकांत सहज मिसळतात, आणि थोड्याच कपड्यांचे बरेच जोड होतात.

शोधायचे कसे

ऑनलाइन शोधताना नुसते ‘पारंपरिक’ किंवा ‘क्लासिक’ लिहिले की वेषभूषा स्पर्धेचे कपडे समोर येतात. त्याऐवजी बेतणीचे नाव लिहावे: गोल कॉलरचा सदरा, बटणांनी जोडलेली चड्डी, सुती रॉम्पर, लिननची डंगरी, खलाशी कॉलर. विक्रेत्याने सेंटिमीटरमधला तक्ता, कापडातल्या धाग्यांचे प्रमाण आणि कपड्याच्या आतल्या बाजूचे छायाचित्र दिलेले असेल तर तेथे थांबावे. हसऱ्या बाळाच्या छायाचित्राखेरीज काहीच दिलेले नसेल तर पुढे जावे.

वापरलेले कपडे घेण्यात या वयाइतका फायदा दुसऱ्या कोणत्याही वयात नाही. मूल समारंभाचा कपडा दोन-तीनदा घालते आणि त्यात मावेनासे होते. त्यामुळे नातेवाइकांच्या कपाटांत आणि जुन्या कपड्यांच्या दुकानांत जवळजवळ कोरे कपडे असतात, शिवाय ते आधीच धुतलेले असल्याने पुढे आटण्याची भीती कमी. घेताना बटणे, आसनाची शिवण आणि कॉलरवरचे पिवळे डाग तपासावेत, आणि इलास्टिक ताणून पाहावे.

तिसरा मार्ग शिवून घेण्याचा. शिंप्याला छायाचित्र दाखवून थांबू नये; गळा कोठे उघडणार, पाठीमागे इलास्टिक किती रुंद, दुमड किती आणि खांद्याच्या पट्ट्याला किती काजे, हे कागदावर लिहून द्यावे. पट्ट्याला दोन-तीन सेंटिमीटरच्या अंतराने तीन काजे ठेवली तर तीच डंगरी बराच काळ पुरते. सुती कापड बेतण्याआधी धुऊन वाळवून घ्यावे.

कापड आणि सुरक्षितता

कपडा उलटा करून आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूवर घासावा. भरतकामाची उलट बाजू, लेस किंवा जरीची कडा टोचत असेल तर ती मुलाला आपल्यापेक्षा अधिक टोचेल. नेहमीसाठी सुती, उन्हाळ्यासाठी लिनन किंवा पातळ सुती, थंडीसाठी सुती अस्तर लावलेली लोकर, एवढे पुरते. ‘ओएको-टेक्स स्टँडर्ड १००’ हे कापडातल्या घातक रसायनांच्या तपासणीचे लेबल असेल तर त्यावरचा उत्पादनवर्ग पाहावा. पहिला वर्ग ३ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वस्तूंसाठी आहे आणि त्याचे निकष सर्वांत कडक असतात.

गळ्याजवळ किंवा टोपीला नाडी असलेला कपडा घेऊ नये. ती घसरगुंडीत किंवा दारात अडकून गळा आवळला जाण्याचा धोका असतो, आणि युरोपातील ईएन १४६८२ हे प्रमाणक लहान मुलांच्या कपड्यांत डोके व गळा या भागांत अशा नाड्यांना मनाई करते. प्रत्येक बटण, मणी आणि फुंदा जोराने ओढून पाहावा, कारण सुटलेली वस्तू थेट तोंडात जाते. सैल असेल ते घरी पुन्हा घट्ट शिवावे किंवा काढून टाकावे.

बूट शेवटी, पण सर्वांत काळजीने

कपडा जरा मोठा चालतो. बूट चालत नाही. पायाचे माप दुपारनंतर घ्यावे, कारण दिवसभरात पाय किंचित फुगतो. टाच भिंतीला टेकवून मुलाला कागदावर उभे करावे, पेन्सिल सरळ उभी धरून सर्वांत लांब बोटापुढे खूण करावी (ते बोट अंगठाच असेल असे नाही) आणि दोन्ही पाय मोजून मोठे माप धरावे. त्यात १० ते १२ मिलिमीटर मिळवले की बुटाची आतली लांबी मिळते.

युरोपीय नंबराचे एक माप म्हणजे सेंटिमीटरचा दोन तृतीयांश भाग, म्हणजे सुमारे ६.७ मिलिमीटर. पाय १३.८ सेंटिमीटर असेल तर आतली लांबी १५ हवी. तिची दीडपट २२.५, म्हणून २३ नंबर. मात्र निरनिराळ्या कारखान्यांचे नंबर जुळत नाहीत. त्यावर सोपी युक्ती अशी, की १५ सेंटिमीटरची पुठ्ठ्याची पट्टी कापून बुटात सरकवावी. ती वाकली तर बूट लहान. आतला तळ निघत असेल तर तो बाहेर काढून मुलाला त्यावर उभे करावे, म्हणजे रुंदीही दिसते. बोटे कडेबाहेर जात असतील तर तो बूट कितीही देखणा असला तरी परत ठेवावा.

जुन्या वळणाच्या बुटांत इंग्रजी टी अक्षरासारखा पट्टा आणि बक्कल असलेला बूट या वयाला उत्तम, कारण पट्टा पाय मागे धरून ठेवतो आणि बोटांना पुढे जागा राहते. नुसता पाय सरकवायचे लोफर टाळावेत. ते निसटू नयेत म्हणून मूल बोटे आखडून चालते. चामड्याचा कडक, गुळगुळीत तळही नको, कारण तो फरशीवर घसरतो. पातळ रबरी तळ असावा, तो चवड्यापाशी सहज वाकावा आणि मधोमध मोडल्यासारखा दुमडू नये. घोटा झाकणारे उंच बूट पूर्वी पहिल्या पावलांसाठी आवश्यक मानत, पण निरोगी पायाला त्या आधाराची गरज नसते. तळवा सपाट दिसला तरी घाबरून कमानीचे बूट आणू नयेत. या वयात तळव्याखाली चरबीची गादी असते आणि कमान पुढच्या काही वर्षांत दिसू लागते. चालताना दुखते किंवा मूल लंगडते असे वाटल्यास डॉक्टरांना दाखवावे.

कपड्यांच्या बाबतीत वापरलेल्या वस्तूंची भलामण केली, ती बुटांना लागू नाही. बूट पहिल्या मुलाच्या चालीप्रमाणे दबलेला असतो. एखाद्या समारंभापुरता घातलेला, टाचेला अजिबात न झिजलेला जोड हा अपवाद. या वयात पाय काही महिन्यांत एक नंबर वाढतो. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी पुठ्ठ्याची पट्टी पुन्हा करावी, समारंभाचे बूट महिनाभराहून आधी घेऊ नयेत आणि घरात मुलाला अनवाणीच फिरू द्यावे.

समारंभाच्या आठवडाभर आधी सगळा पोशाख बूट-मोज्यांसह अर्धा तास घालून पाहावा. मुलाला उकिडवे बसू द्यावे, पळू द्यावे, उचलून कडेवर घ्यावे. सदरा वर चढून पोट उघडे पडते का, पट्टे खांद्यावरून घसरतात का, हे तेव्हाच कळते. बूट काढल्यावर पायावर लाल वळ उठलेले दिसले आणि ते दहा-पंधरा मिनिटांत गेले नाहीत, तर बूट बदलून आणायला अजून वेळ हाताशी असतो. त्यासाठी पावती आणि खोका तोवर टाकू नये.