वितळत्या ॲल्युमिनियमचं मॉडेल: अप्रकट उष्मा आणि प्रारण

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एखाद्या फाउंड्रीसाठी ए-356 या ॲल्युमिनियम-सिलिकॉन मिश्रधातूच्या ओतकामाचं संगणकी मॉडेल करताना तापमान नव्हे, एन्थाल्पी (धातूत साठलेली एकूण उष्णता) हा मुख्य चल धरा. हा धातू साधारण 615 ते 555 अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात गोठतो आणि किलोमागे सुमारे 390 किलोजूल अप्रकट उष्मा सोडतो. हा उष्मा विशिष्ट उष्म्यात मिसळून तापमानच सोडवलं, तर मोठ्या कालपायरीत (गणिताच्या एका वेळ-टप्प्यात) घर, म्हणजे मॉडेलमधला धातूचा छोटा तुकडा, अख्खा पट्टा ओलांडतं आणि उष्मा गायब! म्हणून आधी एन्थाल्पी पुढे न्या, मग तिच्यावरून तापमान काढा.

एकमितीय स्पष्ट (explicit) पद्धतीत, म्हणजे पुढची पायरी थेट आधीच्या आकड्यांवरून काढताना, घर 2 मिमी असेल, तर कालपायरी 0.02 सेकंद ठेवा. 0.05 केलीत की आकडे वरखाली उसळतात.

उघड्या पृष्ठभागावर प्रारण (किरणांवाटे बाहेर जाणारी उष्णता) लावा, आणि तापमान केल्विनमध्येच. प्रारण तापमानाच्या चौथ्या घातावर ठरतं; 700 अंश सेल्सिअस म्हणजे 973 केल्विन, त्या 973 ऐवजी 700 चा चौथा घात घेतला, तर प्रारण जवळपास चौपट कमी येतं. ही चूक फार सर्रास होते. वितळलेल्या धातूवरच्या ऑक्साइडच्या सायीसाठी उत्सर्जकता (आदर्श काळ्या पृष्ठभागाच्या तुलनेत प्रारण सोडण्याचं प्रमाण) 0.2 धरल्यास 700 अंशांना चौरस मीटरमागे सुमारे 10 किलोवॉट जातात. साय ढवळली की हा आकडा बदलतो.

शेवटी मॉडेलचे आकडे साच्यातल्या के-टाइप थर्मोकपलच्या (तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोडीच्या) आलेखाशी ताडून पाहा.