गॅलरीतला दिवाळीचा किल्ला: पोतं नीट बसलं की बाकी पोरं बघून घेतात

सहामाही परीक्षा संपली की दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला "आई कंटाळा आला" सुरू होतं आणि गेली सहा वर्षं माझ्याकडे त्यावर एकच उत्तर आहे, किल्ला. मुलगी दहाची, धाकटा साडेचारचा, गॅलरी तिसऱ्या मजल्यावर आणि आठ बाय चारची, त्यामुळे अंगण नाही ही सबब मला सांगू नका. रेडीमेड किल्ला आणायचा असेल तर खुशाल आणा, मग पुढचं वाचायची गरज नाही. आणि ते "अर्ध्या तासात किल्ला" वाले व्हिडिओ तर बघूच नका, पुठ्ठ्याच्या खोक्यावर माती थापायची, फोटो काढायचा आणि संपलं, रात्रीतून खोकं भिजून बसकण मारतं ते कोण दाखवणार.

वसुबारसेच्या पाच-सहा दिवस आधी सुरू करा, अळीव उगवायला तेवढे दिवस लागतात. लाल माती, दहा-बारा विटा, एक फुटकी बादली, गोणपाट, गेरू, मूठभर अळीव. खाली जाड प्लास्टिक अंथरा आणि पाणी जायच्या जाळीवर फडकं बांधा, एका वर्षी मी विसरले आणि ऐन धनत्रयोदशीला प्लंबर शोधत फिरले.

किल्ला कुठला? एकापेक्षा जास्त पोरं असतील तर राजगड, डोळे मिटून. पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तीन माच्या (डोंगराचे खालच्या अंगाला पसरलेले भाग) आणि मधे सगळ्यात उंच बालेकिल्ला, म्हणजे प्रत्येकाला एकेक माची वाटून टाकायची आणि भांडणं मिटली (निम्मी तरी). शिवाय २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत जे बारा किल्ले गेले त्यात राजगड आहे, हे आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकावं लागतं.

बादली मधोमध उपडी घाला, तीन बाजूंना विटांच्या उतरत्या रांगा लावा. दहा मिनिटांचं काम.

आता पोतं. सगळे किल्ले इथेच बिघडतात. पोतं तागाचंच पाहिजे, म्हणजे धान्याचं जुनं गोणपाट. सिमेंटचं किंवा खताचं प्लास्टिकचं विणलेलं पोतं चालणार नाही, नाही म्हणजे नाही. पहिल्या वर्षी मी तेच वापरलं होतं, संध्याकाळी किल्ला एकदम झकास दिसत होता, सकाळी उठून बघते तर सगळी माती घसरून पायथ्याशी आणि वर कंपनीचं नाव छापलेला पांढराशुभ्र डोंगर, पोरगी दाराशी उभी राहून मुसमुसत होती. तागाला धागे सुटलेले असतात, माती त्यांना धरून बसते, प्लास्टिकला धरायला काहीच नसतं.

गोणपाट आधी साध्या पाण्यात भिजवून पिळून घ्या. कोरडं टाकलंत तर ते चिखलातलं पाणी ओढून घेतं आणि वर नुसता भुगा राहतो. चिखल दोन प्रकारचा लागतो आणि हे कुणीच सांगत नाही. बुडवायचा चिखल पातळ पिठल्यासारखा: हात घालून वर काढला की बोटांवर हातमोजा चढल्यासारखा राहिला पाहिजे आणि थेंब सावकाश पडले पाहिजेत, टपटप पडत असतील तर अजून माती घाला. वरून लिंपायचा चिखल मात्र थालीपिठाच्या पिठासारखा, आणि माती चाळलेलीच, खडे पोरांच्या हाताला लागतात. तुडवायचं काम धाकट्याला द्या, तो तासभर हलत नाही.

बुडवलेलं गोणपाट ढाच्यावर टाकताना ताणायचं नाही, ओढून तंबू करायचा नाही. ढिलं सोडा, चुण्या पडू द्या, त्याच चुण्यांच्या दऱ्या आणि सोंडा होतात. मग घट्ट चिखलाचा लेप, एका वेळी अर्ध्या बोटाएवढाच. जाड थापलात की भेगा आल्याच, कारण वरचं आधी वाळून आक्रसतं आणि आतलं ओलंच असतं. उन्हात वाळवू नका, दुपारी वरून ओलं फडकं टाका. तरी भेग पडलीच तर त्यात ओला गोळा कोंबू नका, तो वाळून परत सुटतो, पातळ चिखलात बोट बुडवून भेगेवरून फिरवायचं, दोनदा, बास.

आणि आई-बाबांनो, या टप्प्याला हात तुमचे चालतील, पुढे मात्र मागे सरका. दुसऱ्याची माची वाकडी दिसली तरी सरळ करायची नाही. आमची कन्या संजीवनी माचीला दुहेरी तटबंदी करते, ओल्या मातीत दोन बोटं एकदम ओढत नेते, मधली फट बरोबर राहते, मला ते अजून जमलेलं नाही.

पायऱ्या आइस्क्रीमच्या काडीने. दरवाजाला गेरू. झालं.

अळीव पाण्यात भिजवले की बुळबुळीत होतात, तसेच चिमटीने उतारावर लावा, आपोआप चिकटतात. मोहरी टाकाल तर घरंगळून सगळी खाली जमते आणि पायथ्याशीच जंगल होतं. पाणी स्प्रेने, तांब्याने ओतलंत तर टक्कल पडतं.

महाराज बालेकिल्ल्यावर, मावळे आपापल्या माचीवर. सुवेळा माचीवर जेसीबी आणि डायनासोर आला तर येऊ द्या. पणती मात्र मातीच्या सपाट जागेवरच ठेवा, वाळलेलं गोणपाट उघडं राहिलं असेल तिथे अजिबात नाही, आणि गुहेत लवंगी लावायचा हट्ट केला तर सरळ नाही म्हणा.

तुळशीचं लग्न झालं की मोडायचा. माती कुंड्यांत, गोणपाट झटकून माळ्यावर. मावळे मोजून डब्यात भरा, गेल्या वर्षी एक कमी निघाला तो मार्चमध्ये जास्वंदीच्या कुंडीत सापडला, भाल्यासकट.