कान्हेरी बघायची तर पावसाळ्यातच
बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरी लेण्या पावसात बघा, कारण शंभरावर लेण्यांच्या या वसाहतीचं पाणी-नियोजन तेव्हाच दिसतं: कातळात कोरलेल्या पन्हळींतून पाणी लेण्यांशेजारच्या पोढ्यांत, म्हणजे कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यांत, उतरतं. एरवी या पन्हळी नुसत्या रेघा वाटतात. सोमवारी उद्यान बंद. गेटपासून लेण्या सहा-सात किलोमीटर आत, आणि उद्यानाचं तिकीट लेण्यांना चालत नाही. तिथे पुरातत्त्व खात्याचं वेगळं. आधी लेणी क्रमांक 3 चं चैत्यगृह (स्तूप असलेलं बौद्ध प्रार्थनागृह), व्हरांड्यातल्या दोन्ही टोकांच्या उंच बुद्धमूर्तींसाठी. मग वर चढा. शेवाळलेल्या पायऱ्यांवर गुळगुळीत तळव्याची चप्पल हमखास घसरते. खाऊची पिशवी हातात नको, माकडं हिसकावतात.